साक्षीला मीठ लागत नाही

मिशनच्या जहाजावर मला चीफ कुकची नोकरी लागली तेव्हा वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत पगार किती, असं कुणीही विचारलं नाही. तळमजल्यावरच्या कुसुममावशींनी मला जिन्यात गाठलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सदू, बाटलास का रे?"

"नाही हो मावशी," मी म्हटलं. "उलट तिथे बाटलीलासुद्धा बंदी आहे."

मावशींना विनोद कळला नाही, पण बंदी कळली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "जाऊ दे गं मंदा त्याला. सुधारेल."

मी सुधारलो की नाही ते वाचकांनी ठरवावं. पण आधी एक सूचना. हा लेख छापायला देण्यापूर्वी एका व्यक्तीने वाचला आहे आणि समासात पेन्सिल चालवली आहे. ती व्यक्ती कोण, ते पुढे कळेलच. तिच्या दुरुस्त्या मी जिथल्या तिथे देतो आहे, कारण न देण्याची मला परवानगी नाही.

माझं अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर भात शिजवण्यात गेलं. उरलेलं अर्धं, म्हणजे सुट्टीवर घरी आलो की, नौपाड्यात नाटकाच्या तालमींना जाण्यात. हवालदारापलीकडे मला कधी भूमिका मिळाली नाही. पण हवालदार असा करायचो, की नायकाला बेड्या पडत असताना लोक माझ्या मिश्यांकडे बघत बसायचे. त्यामुळे नायक माझ्याशी बोलत नसत. हे इतकं सविस्तर सांगतोय ते उगाच नाही. पुढे जे झालं, ते या स्वभावामुळेच झालं.

तर जहाज. एकेकाळी माणसं आणि मोटारी वाहणारी ही जुनी फेरीबोट मिशनवाल्यांनी विकत घेतलेली. मोटारी ठेवायच्या जागी पुस्तकांचं दुकान, त्याच्यावर एक हॉल, मागच्या बाजूला छोटं क्लिनिक. जहाज बंदरात काही आठवडे थांबायचं, गावातले लोक पुस्तकं बघायला यायचे, डॉक्टर आणि नर्स वस्त्यांमध्ये जाऊन मोफत तपासायचे. आणि जहाजावर कायम एक प्रशिक्षणाची तुकडी असायची. ब्राझीलपासून कोरियापर्यंतची बहुतेक तरुण पोरं. काही महिने त्यांनी प्रवचनं ऐकायची, डेक घासायचा, संडास धुवायचे, चारचौघांत बोलायला शिकायचं आणि मग ज्याला जे काम जमेल तिथे त्याची नेमणूक व्हायची. कप्तानापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे बिनपगारी. पगारी आम्ही मोजकेच, कारण परवाना असलेला स्वयंपाकी जहाजावर असलाच पाहिजे, असा कायदा आहे. आणि असा स्वयंपाकी फुकट मिळत नाही, हा त्याहून जुना कायदा आहे.

लोक विचारतात, जहाजावर स्वयंपाक म्हणजे हॉटेलसारखाच ना? अजिबात नाही. हॉटेलात शेगडी एका जागी असते. जहाजावर शेगडी नाचते आणि आपण तिच्याबरोबर नाचायचं. शेगडीभोवती लोखंडी कठडा असतो, त्यात पातेली अडकवायची. पातेलं कधी निम्म्याच्या वर भरायचं नाही. टेबलांवर ओल्या चादरी अंथरायच्या, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. आणि तळण फक्त बंदरात. भर समुद्रात कढईत तेल तापवणारा स्वयंपाकी मी एकच पाहिला. त्याच्या हातावरचे डाग दाखवून मी नव्या मदतनिसांना घाबरवायचो.

या जहाजावर आणखी एक अडचण होती. जेवणाआधी प्रार्थना. त्यातही कुणाला देवाचे थोडक्यात आभार मानायची सवय नव्हती. एक ब्राझीलचा पोरगा तर उभा राहिला की गव्हापासून सुरुवात करायचा, मग पाऊस, मग शेतकरी. तोवर माझं आमलेट थंड. शेवटी मी माझा मदतनीस जून याला, हा फिलिपिन्सचा, शांत आणि भयंकर धार्मिक, दारात उभा करायला लागलो. 'आमेन' ऐकू आलं की त्याने हात वर करायचा आणि मी अंडी फोडायची.

पहिल्या आठवड्यातच मी जी फजिती करून घेतली, तिच्यामुळे ही सगळी गोष्ट घडली. जहाज कोचीला उभं होतं. प्रशिक्षण तुकडीच्या मुख्य ग्रेटाबाई, हॉलंडच्या, सहा फूट उंच, केस असे आखूड की वाऱ्याला धरायला काही नाही. मंगळवारी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "उद्या दुपारी तुकडीचा उपास आहे."

मी खूश. जहाजांवरच्या इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी माझ्या ओळखीचं काही सांगितलं होतं. कोचीत साबुदाण्याला तोटा नाही. संध्याकाळी बाजारात गेलो, साबुदाणा आणला, दाणे भाजले, कूट केला. बुधवारी दुपारी अख्ख्या तुकडीला पुरेल अशी खिचडी तयार. मोती मोती मोकळी. बरोबर काकडीची कोशिंबीर आणि बटाट्याचा कीस. जूनने पातेल्यात वाकून पाहिलं आणि अदबीने विचारलं, "शेफ, ही कुठल्या माशाची अंडी?"

साडेबारा वाजले. कुणी नाही. एक वाजला. हॉल रिकामा. टेबलांवर चादरी पसरलेल्या आणि मी डाव हातात घेऊन उभा, लग्न मोडलेल्या मुलीच्या बापासारखा. तेवढ्यात दारातून आवाज आला. मराठी.

"अहो, जिऱ्याची फोडणी कुणी दिली?"

दारात पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. पांढरे बूट, केसांचा घट्ट अंबाडा, कमरेवर हात. मिशनच्या जहाजावर, कोचीच्या बंदरात, मराठी. मी डाव खाली ठेवला.

"मी दिली. तुम्ही कुठल्या?"

"कल्याणची. साळवे. ज्योत्स्ना साळवे. हॉस्पिटलात सिस्टर होते." त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. "आज आमचा उपास आहे हो."

"म्हणून तर केली."

सिस्टरांचे खांदे हलायला लागले. भिंतीला टेकल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ, आमच्या उपासाला काही खात नाहीत."

"काहीच नाही?"

"पाणी."

"मग त्याला उपास कसं म्हणायचं?" मी मनापासून विचारलं. आमच्या घरी एकादशीला नेहमीपेक्षा जास्त शिजतं.

सिस्टरांनी त्या दुपारी खिचडीला हात लावला नाही. तेवढ्या पक्क्या होत्या. पण संध्याकाळी उपास सुटल्यावर पहिली ताटली त्यांची. मग त्यांनी स्वतः हॉलमध्ये उभं राहून एकेकाला बोलावलं आणि ब्राझीलपासून कोरियापर्यंत सगळ्यांनी पातेलं खरवडून नेलं. त्या दिवसापासून मी सदूभाऊ आणि त्या सिस्टर. तसं त्या जहाजावर सगळेच एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणायचे. पण ते नातं देवाकडून आलेलं. आमचं फोडणीवरून.

सिस्टर स्वयंपाकघरात बटाटे सोलायच्या पाळीला आल्या की आमच्या गप्पा चालत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. वडील शाळामास्तर, मूळ नगरकडचे. घर तीन पिढ्या ख्रिस्ती. नोकरीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि इथे आल्या, कारण त्यांना या क्लिनिकमध्ये काम करायचं होतं. "तीस वर्षं एकाच इमारतीत काम केलं, सदूभाऊ. रोगी बाहेरून आत यायचे. मला एकदा आपण रोग्याकडे जायचंय." पण क्लिनिकमध्ये जागा मिळायची ती प्रशिक्षण पुरं करणाऱ्याला. आणि प्रशिक्षण पुरं व्हायच्या वाटेत उभी होती साक्ष.

साक्ष म्हणजे काय ते समजावतो. दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये तुकडीतला एकेक जण उभा राहायचा आणि आपलं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांना सांगायचा. ग्रेटाबाईंनी त्याचे तीन भाग पाडून दिलेले. आधी मी कसा होतो, मग वळण कुठे आलं, आणि आता मी कसा आहे. वेळ संपली की घंटा. हॉल आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं देण्याची खिडकी होती, आणि शुक्रवारी भांडी मी नेमकी त्या खिडकीपाशी पुसायचो.

काय एकेक साक्षी असायच्या. तो गव्हापासून सुरुवात करणारा ब्राझीलचा पोरगा पूर्वी मोटारसायकली चोरायचा. एक जर्मन मुलगी दारूच्या नशेत घराच्या छपरावरून पडली होती, ती थेट पाद्र्याच्या गाडीच्या टपावर. मी मनातल्या मनात गुण द्यायचो. 'आधी' जोरात, 'वळण' घाईत उरकलं, 'नंतर' पडेल. बहुतेकांचं तसंच व्हायचं. पापात जेवढा मसाला असतो तेवढा पुण्यात नसतो, हे मी स्वयंपाकी म्हणून आणि हवालदार म्हणूनही सांगू शकतो.

कोचीतल्या शेवटच्या शुक्रवारी सिस्टरांची पाळी आली. उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. समोर जहाजावरचे झाडून सगळे लोक. सिस्टरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. मी खिडकीत एकच ताटली पुसत राहिलो. शेवटी त्या "थँक यू" म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ग्रेटाबाई दुष्ट नव्हत्या. पण त्यांचा नियम म्हणजे नियम. पुढच्या शुक्रवारी जहाज कोलंबोच्या वाटेवर असणार होतं. तेव्हा साक्ष झाली तर ठीक, नाहीतर सिस्टरांनी कोलंबोला उतरून घरी परतायचं. जो चारचौघांत उभा राहू शकत नाही, तो परक्या गावात काय उभा राहणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात चूक काढायला जागा नव्हती, हाच त्यातला त्रास होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बटाटे सोलायला आल्या. सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.

"परत गेलात तर काय होईल?" मी विचारलं.

"घर अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिलंय. म्हणजे राहायचं धाकट्या बहिणीकडे, दिवा गावात. तिथे पाणी एक दिवसाआड येतं. मेहुण्यांचे टोमणे रोज येतात." बटाटा पाण्यात पडला. "मी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, सिस्टरबाई, जाताय त्या जा, पण परतीचं तिकीट काढून ठेवा. आणि टोमण्यांचं काही नाही हो. पण मग मी काय करायचं? बाल्कनीत बसून बीपी मोजायचं, आपलं आपणच?"

"पण बोलत का नाही तुम्ही? मोठमोठ्या सर्जनना झापलं असेल."

"वॉर्डात झापलंय. वॉर्डात काय बोलायचं ते माहीत असतं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "सदूभाऊ, माझ्याकडे 'आधी' नाहीच. मी जन्मल्यापासून अशीच आहे. रविवारी चर्च, सोमवारी ड्युटी. मी काय सांगू? सगळ्यांची आयुष्यं कशी अंधारातून उजेडात आली. माझ्याकडे लोडशेडिंगसुद्धा नाही."

हे ऐकून माझ्यातला नाटकवाला जागा झाला. मी ओट्यावर बसलो आणि हवालदाराच्या आवाजात उलटतपासणी सुरू केली.

"दारू?"

"नाताळच्या केकमध्ये मनुका भिजवतात तेवढी."

"चोरी?"

"हॉस्पिटलची कात्री एकदा घरी आली होती, खिशात राहून. दुसऱ्या दिवशी परत नेली."

"प्रेमप्रकरण?"

"झालं ना. मग त्यांच्याशीच लग्न केलं."

"अहो, निदान कुणाचा जीव जावा असं वाटलं असेल?"

"मेहुण्यांचा. पण ते अजून आहेत."

मी हात टेकले. मग फार गोड आवाजात म्हटलं, "सिस्टर, मी एक छानसं 'आधी' लिहून देतो. तुम्ही पाठ करा. इथे कल्याणचं कोण आहे तपासायला? एखादी टोळी घालू. खाडीवरचे स्मगलर."

"साक्षीत खोटं?" सिस्टरांनी सुरी पुन्हा उचलली. "मीठमसाला तुमच्या भांड्यात ठेवा, सदूभाऊ. माझ्यात नको."

"म्हणजे कधी खोटं बोललाच नाहीत?"

त्या सोलता सोलता थांबल्या. "एकच. ते मात्र रोज. इंजेक्शन देताना सांगायचे, दुखणार नाही." आणि मान खाली घालून पुन्हा सोलायला लागल्या. मला वाटलं मी जास्तच केलं. पण बटाट्याच्या साली पातळ निघायला लागल्या होत्या.

दोन दिवसांनी त्या ग्रेटाबाईंना घेऊनच आल्या. ग्रेटाबाईंनी इंग्रजीत विचारलं, "या म्हणतात, मातृभाषेत बोलायचंय. नियमात दुभाषी चालतो. जहाजावर मराठी तुम्हालाच येते. तुम्ही कराल?" आणि माझ्या पोटावरच्या तेलकट ॲप्रनकडे पाहून, "जमेल ना?"

जमेल? आयुष्यभर ज्याने मिश्यांवर भूमिका केली, त्याला भरल्या सभागृहात माइक मिळत होता. मी मान खाली घालून म्हणालो, "प्रयत्न करतो."

सिस्टर जाताना दारात थांबल्या. "सदूभाऊ, मला इंग्रजी बोलायला भीती वाटते. कळतं सगळं. लक्षात ठेवा."

शुक्रवार उजाडला. कोची सोडलं होतं. समुद्राने त्या दिवशी आमची परीक्षा बघायची ठरवलं. तीन मजली लाटा, जहाज एकदा या कुशीवर एकदा त्या. (समासात पेन्सिल: "एक मजली. तोही बसका.") बरं, एक मजली. पण तुकडीतली निम्मी पोरं हिरवी पडली होती, हे खरं. (पेन्सिल: "हे खरं.") सिस्टर तेवढ्या ठणठणीत. दिवसभर केबिनोकेबिनी सुकं टोस्ट आणि आल्याचे तुकडे वाटत फिरत होत्या. संध्याकाळी हॉलमध्ये सगळे खुर्च्या धरून बसले. मी स्वच्छ ॲप्रन चढवला, केसांना पाणी लावलं आणि सिस्टरांच्या शेजारी उभा राहिलो. दोघांनी एकाच खांबाला धरलेलं.

सिस्टर माझ्याकडे बघून मराठीत बोलायला लागल्या. मीच तेवढा ओळखीचा.

"माझा जन्म कल्याणचा. माझे वडील शाळामास्तर होते."

मी माइक तोंडाशी नेला आणि इंग्रजीत म्हणालो, "माझा जन्म कल्याण नावाच्या प्राचीन बंदरात झाला, जिथे एकेकाळी साऱ्या जगाची गलबतं येत. माझे वडील एक थोर गुरू होते."

सिस्टरांनी भुवई उचलली. पण पुढे गेल्या. "मी नर्सिंगला गेले."

"साऱ्या घराण्याचा विरोध पत्करून," मी सांगितलं, "मी नर्स झाले."

हॉलमध्ये कुणीतरी 'वा' अशा अर्थाचं काही म्हणालं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सिस्टर खालच्या आवाजात मराठीत म्हणाल्या, "विरोध कुठे होता? वडिलांनीच फॉर्म आणला." मी ते भाषांतर करायचं राहू दिलं.

"वॉर्डात मी रोज एक खोटं बोलायचे. सुई टोचताना म्हणायचे, दुखणार नाही. एकदा एक म्हातारा आला. दिव्याकडचा, आयुष्यभर मिठागरात राबलेला. पायाला मोठी जखम, रोज धुवायची. मी म्हटलं, बाबा, दुखणार नाही हं. तो म्हणाला, बाय, दुखंल. मना म्हाईत हाय. तू दुखंल असाच सांग ना, न हितं उभी ऱ्हा."

हे ऐकून मी हेलावलो, आणि हेलावलो की माझ्यातला नट वर येतो. आवाजात कंप आणून मी इंग्रजीत सांगितलं, "तेव्हा त्या वृद्धाने थरथरत्या हाताने औषधांचा ट्रे भिरकावून दिला. तो ढसाढसा रडला. मी त्याच्या पायाशी कोसळले. रात्रभर आम्ही दोघं..."

"नो."

सिस्टर बोलल्या होत्या. इंग्रजीत.

"नो. पेशंट वॉज नॉट क्रायिंग."

मी माइक जरा बाजूला घेतला. "सिस्टर, थोडं वातावरणासाठी..."

"ट्रे कुठून आला?" हे मराठीत. मग सभेकडे वळून, इंग्रजीत, "कुठलाही ट्रे फेकला गेला नाही. ट्रे हॉस्पिटलचा होता. मी कोसळले नाही. मी ड्युटीवर होते."

पहिल्या रांगेत तो मोटारसायकलवाला पोरगा फस्सकन हसला. मग जर्मन मुलगी. मग एकदम सगळा हॉल. आजारी, हिरवे, सगळे. सिस्टर दचकल्या नाहीत. वॉर्डात गोंधळ झाला की सिस्टर जशी बघते, तशा बघत उभ्या राहिल्या आणि हॉल आपोआप शांत झाला. त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"सदूभाऊ. माइक."

मी दिला. काय करणार?

पाळी बदलताना एक नर्स दुसऱ्या नर्सला रोग्यांची हकिकत देते ना, तसलं त्यांचं इंग्रजी. छोटी छोटी वाक्यं. त्यात विशेषणाला उभं राहायला जागा नाही. पेशंट शुद्धीवर होता. पेशंटने सांगितलं, दुखेल असं म्हण आणि इथे उभी राहा. मी म्हटलं, दुखेल. मी उभी राहिले. जखम धुतली. दुखलं. पेशंट ओरडला. मी उभी होते. रोज असं झालं. जखम भरली, पेशंट घरी गेला.

"तुम्ही सगळे 'आधी' विचारता," त्या म्हणाल्या. "माझं 'आधी' म्हणजे 'दुखणार नाही'. त्या दिवसानंतर मी ते कुणालाही सांगितलं नाही. आणि मग माझे मिस्टर आजारी पडले. तेव्हा मी प्रार्थना करायचे. देवाने मला एकदाही सांगितलं नाही की दुखणार नाही. दुखलं. पण तो तिथे होता. मला एवढंच माहीत आहे. रिपोर्ट संपला."

आणि बसल्या. घंटा वाजायची वेळच आली नव्हती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जहाज एका बाजूला कललं, सावकाश परत आलं. जून खिडकीत उभा होता, त्याने नकळत हात वर केला. आमेन झालं की करायचा, तसा.

मी तिथेच खांबाला धरून उभा. दर शुक्रवारी गुण देत आलो, त्या दिवशी एकही सुचला नाही.

ग्रेटाबाई उठल्या. सिस्टरांच्या जवळ गेल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "क्लिनिकच्या डॉक्टरांना उद्या सकाळी भेटा." मग माझ्याकडे वळल्या. "दुभाषी महाशय. यापुढे तुम्ही फक्त सूप."

कोलंबोला जहाज लागलं. सिस्टर उतरल्या, पण औषधांची पेटी घेऊन, वस्तीत जायला. धक्क्यावरून त्यांनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी बटाटेवडे तळत होतो. बंदर होतं ना. एक वडा दाखवला. त्यांनी दुपारी ठेवा अशी खूण केली.

लोक मला विचारतात, तू ते मुद्दाम केलंस ना? तिला चिडवून बोलतं करायला? मंदा म्हणते, "मुद्दाम कसलं डोंबल. ह्यांना सरळ बोलताच येत नाही. दूधवाल्याला उद्या दूध नको सांगायचं तरी सीन करतात." मी अशा वेळी गूढ हसतो आणि विषय बदलतो. सिस्टरांनी हे मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

हुरहूर एकाच गोष्टीची आहे. काही वर्षांनी माझा करार संपला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि शेवटच्या शुक्रवारी ग्रेटाबाई स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत त्या खिडकीतून तू सगळ्यांच्या साक्षी ऐकल्यास. आज तू बोल. देवाबद्दल नको बोलूस हवं तर. तुझ्याबद्दल बोल." लांबलचक भूमिका, भरलेला हॉल, घंटाही देणार नव्हत्या. आणि मी म्हटलं, "बाई, ओव्हनमध्ये पाव आहे." खरंच होता. पण पाव जून काढू शकला असता. का नाही गेलो ते अजून कळलेलं नाही. मिश्या न लावता उभं राहायची बहुधा सवय नव्हती.

सिस्टर त्यानंतरही बरीच वर्षं क्लिनिकमध्ये होत्या. कुठकुठल्या बंदरांतून मंदाच्या फोनवर फोटो यायचे. फोटोत सिस्टर कधी समोर बघत नसत, कायम कुणाच्या तरी दंडाकडे. आता त्या कल्याणला आपल्या घरी असतात. मेहुण्यांचं बीपी मोजतात. दिवाळीला त्या आमच्याकडे येतात, नाताळला आम्ही त्यांच्याकडे जातो. करंज्या दोन्हीकडे असतात. कुसुममावशींना आता सांधेदुखी आहे, त्या सिस्टरांची वाट बघत बसतात आणि मला म्हणतात, "तुझ्यापेक्षा तीच सुधारलेली वाटते."

आमच्या घरी पाहुणे जमले की मी ही गोष्ट रंगवून सांगतो. सिस्टर कोपऱ्यात चकली खात बसलेल्या असतात. लाटा तीन मजली झाल्या की त्या चकली खाली ठेवतात. पाहुणे माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघायला लागतात. पूर्वी नायकाला कसं वाटायचं, ते मला आता कळतं.

तर हा लेख लिहून झाला तेव्हा मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, आणि स्वयंपाकघरातून मंदाने चहा आणेपर्यंत मान वर केली नाही. माझा जीव टांगणीला. हवालदाराच्या पदार्पणालाही एवढी धाकधूक झाली नव्हती.

"लाटा सोडा," मी म्हटलं. "बाकी लेख कसा झालाय? खरं सांगा."

सिस्टरांनी चष्मा काढला. पेन्सिल ठेवली. सरकून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात हातात घेतला.

"दुखेल," म्हणाल्या.